पिऊन आले

मेंढमाळात अकरा वर्षांत कुणाला तहान लागली नव्हती.

ही थाप नव्हे, आणि गावाला कुठली देवी प्रसन्न झाली होती असंही नव्हे. पाणी तर गावात नव्हतंच. बोअर बाराशे फुटांवर गेल्या होत्या आणि तिथून नुसता धुरळा वर यायचा. नाव मेंढमाळ, पण मेंढरं कधीच विकून झाली होती. निम्मं गाव सांगली-पुण्याकडं पांगलं, आणि उरलेलं निम्मंही जायच्याच बेतात असताना ती सुई आली. उपकेंद्राच्या नर्सबाईनं, म्हणजे शालन पुकळेनं, स्वतःच्या हातानं चारशे बारा दंडांवर ती टोचली आणि गाव जागेवर राहिलं. याचा शालनला केवढा तोरा! कुणी पाहुणा आला की ती आकडा सांगितल्याशिवाय सोडायची नाही.

सुईचं सरकारी नाव भलं लांबलचक होतं. गावानं तिला 'उंदराची सुई' म्हणून टाकलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. वाळवंटात एक जातीचा उंदीर असतो, तो जन्मात कधी पाण्याला तोंड लावत नाही. त्याची मूत्रपिंडं रक्तातलं पाणी इतकं पिळून परत घेतात की बाहेर जेमतेम चार घट्ट थेंब पडतात. माणसाच्या मूत्रपिंडातही पाणी परत ओढणाऱ्या नळ्या असतात, त्यांच्या भिंतींत पाण्यासाठी बारीक दारं असतात. फक्त ती मोजकी, आणि अंमळ आळशी. सुईतला निरुपद्रवी विषाणू त्या पेशींना हुकूम नेऊन द्यायचा, की दारं वाढवा. ही झाली पहिली करामत. दुसरी घामाची. अंग तापलं की लगेच घाम गाळायचा नाही, उंटासारखं दिवसभर तापू द्यायचं आणि पहाटेच्या गारव्यात निवू द्यायचं. तीन आठवड्यांत शरीर याला सरावायचं आणि बेचाळीस डिग्रीतही माणसाचं दिवसाला लिटरभर पाण्यात भागायचं.

तिसरी करामत मेंदूतली. रक्तात मीठ जरा वाढलं की मेंदूतला एक एवढासा भाग पाणी पाणी करून ओरडायला लागतो. त्यालाच आपण तहान म्हणतो. सुईनं त्याचं तोंड बंद केलं. याबद्दल कुणी फारसं विचारलं नाही. तहान लागायची बंद झाली तर त्यात वाईट ते काय, असंच सगळ्यांना वाटलं. शालनलाही तसंच वाटलं होतं.

बारा वर्षांखालच्या पोरांना आणि गरोदर बाईला सुई द्यायची नाही, एवढा एक नियम होता. पण पोरंबाळं असलेली घरं शहरात गेली, सुना बाळंतपणाला जाऊन तिकडंच राहिल्या आणि मेंढमाळात सुई नसलेलं माणूस उरलं नाही. मग दर्शना आली.

शालनचा एकुलता एक मुलगा, बिरू, कच्छमध्ये पवनचक्क्यांवर कामाला होता. त्यानं तिकडंच लग्न जमवलं ते कुडाळच्या पोरीशी. पोरगी गुणाची, पण पाण्याच्या बाबतीत अगदीच मोकळ्या हाताची. दिवस गेले तसं बिरूनं तिला आईकडं आणून सोडलं. आई नर्स, मग काळजी कसली? सातव्यात माहेरची माणसं न्यायला यायची होती, तर उन्हाची लाट आली आणि घाटातल्या एसटी बंद झाल्या.

आल्या दिवशी शेजारच्या खरातांकडं दोघी बसायला गेल्या. तातोबा खरात म्हणजे गावातलं सर्वांत म्हातारं माणूस. त्यांनी रीतीप्रमाणं विचारलं, "पाणी देऊ का, सूनबाई?"

"हो, द्या ना," दर्शना म्हणाली आणि तातोबांनी आणलेला तांब्या तिनं उभ्या उभ्या संपवला. वर आणखी मागितलं.

तातोबांनी तेही आणून दिलं. शालनला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. घरी आल्यावर तिनं सुनेला समोर बसवलं.

"हे बघ पोरी, तुमच्याकडं नळाला पाणी असतंय. हितं माणूस पाणी विचारतंय ते प्यायला न्हाय, मान द्यायला. आपण म्हणायचं, 'पिऊन आले.' त्यानं परत विचारायचं, आपण परत तेच म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं तर घोटभर घ्यायचं, त्याच्या समाधानासाठी."

"आणि खरंच हवं असलं तर?"

"तर बी तेच. तिसऱ्यांदा विचारत्यातच की."

दर्शना हसली. "आमच्याकडे जेवणाचं असतं असं. पाण्याचं पहिल्यांदाच ऐकतेय."

पण पोरगी खरंच गुणाची. आठवड्याभरात तिनं हे असं उचललं की ओसरीवर कुणी पाणी विचारायच्या आत तिच्या तोंडून 'पिऊन आले' निघायला लागलं. बायका शालनला म्हणायच्या, कोकणातली वाटतच न्हाय गं तुझी सून. शालन खूश.

एक गोष्ट शालन सांगायची विसरली, कारण तिच्या लक्षातच आली नव्हती. तिसऱ्यांदा विचारायची रीत सुईच्या आधीची होती, तहान लागायची तेव्हाची. आता लोक एकदाच विचारायचे, 'पिऊन आले' ऐकायचे आणि पुढचं बोलायला लागायचे. तिसऱ्यांदा विचारायला स्वतःचा घसा कधीतरी सुकलेला लागतो.

मेंढमाळाचा टँकर पूर्वी आठव्या दिवशी यायचा. टँकर कुठं कधी पाठवायचा हे पाणीखात्याच्या संगणकावर ठरायचं. गावाच्या टाकीत एक यंत्र बसवलं होतं, ते पाणी किती वेगानं उतरतंय ते कळवायचं, त्यावरून गावाची मागणी निघायची. मेंढमाळात पाणी सावकाश उतरायचं, म्हणून टँकर दहाव्या दिवशी यायला लागला. तरी गावाचं भागलं. मग बाराव्या दिवशी. तरी भागलं. गाव जितकं सोसेल तितका टँकर लांब जायचा, आणि सोसल्याचं गावाला कळायचंही नाही. दर्शनाच्या वाढीव पाण्याचा अर्ज शालननं दोन महिन्यांपूर्वीच केला होता. त्याच्यापुढं अजून 'विचाराधीन' एवढंच येत होतं.

त्या मे महिन्यात बारावा दिवस उजाडला आणि टँकर आला नाही. तेरावा गेला. टाकीत नळाच्या खाली गाळ तेवढा राहिला.

"यील की," तातोबा म्हणाले. "चालतंय."

चालतंय, हा गावचा आवडता शब्द. शालनही तेच म्हणाली. घरी तिचा स्वतःचा एक कळशीभर साठा होता आणि दर्शनाचा वेगळा, झाकणाचा माठ होता. शालन दिवसातून चार-पाच वेळा स्वयंपाकघरातून हाक मारायची, "दर्शना, पाणी देऊ का गं?"

"प्यायले, आई."

शालन कामाला लागायची. सुनेचा माठ तिनं उचलून पाहिला नाही. तो बाराव्या दिवशी सकाळीच कोरडा झाला होता.

दर्शनानं सांगितलं का नाही? ती बघत होती की सासू दिवसभरात चार पेले पिते. त्यातून मागायचं कसं? तिला वाटलं, टँकर आज येईल, संध्याकाळी येईल, उद्या येईल. आणि 'प्यायले' म्हटलं तरी लगेच विचारतील की आई परत. परत विचारलं की हो म्हणू. दोन दिवस ती दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिली.

चौदाव्या दिवशी दुपारी उपकेंद्रातून शालन घरी आली तर सून न्हाणीच्या दारात भिंतीला टेकून बसलेली. डोळे उघडे, पण खोल गेलेले. ओठांना चिरा.

"काय गं? चक्कर आली का? पाणी देऊ?"

"पिऊन आले," दर्शना म्हणाली, आणि तिची जीभ टाळूला चिकटल्यासारखी वळली.

शालननं तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. खाली बसली नाही. हे ती नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकली होती आणि अकरा वर्षांत तिनं एकदाही करून पाहिलं नव्हतं, कारण गावात कुणावर ती वेळच येत नव्हती. तिनं माठ उपडा केला. मग तिला सगळं समजलं.

आपल्या कळशीतलं उरलेलं पेलाभर तिनं सुनेच्या तोंडाला लावलं. आरोग्याच्या गाडीला फोन केला. तिकडून बाई म्हणाली, लाटेनं सगळ्या गाड्या तालुक्यात अडकल्यात, लाट ओसरली की बघू. शालननं रिकामी कळशी काखेत मारली आणि अनवाणीच बाहेर पडली.

पहिलं दार खरातांचं.

"तात्या, पाणी द्या."

तातोबा बघतच राहिले. मेंढमाळात पाणी मागणं म्हणजे कपडे काढून चावडीत उभं राहण्यासारखं होतं. आणि मागतंय कोण, तर शालन?

"बरी हायस न्हवं?"

"माझी पोर मरायला लागलीया पाण्यावाचून," शालन म्हणाली, आणि दारातच तिला रडू फुटलं. "मी विचारलं तिला. रोज विचारलं. ती न्हाय म्हणाली आणि मला खरं वाटलं."

तातोबांनी आत जाऊन देवापुढचा गडू आणला आणि कळशीत ओतला. मग ते स्वतःच शालनच्या पुढं चालायला लागले. दारोदार. कुणी वाटीभर दिलं, कुणी तळाशी राहिलेलं गढूळ, कुणी म्हणालं, आमच्यात कालपासून ठणठणाट हाय, आम्हाला कळलं बी न्हाय. साठ घरं फिरून अडीच लिटर झालं. शालननं ते फडक्यातून गाळलं, उकळलं, मीठ-गूळ घातला आणि चमच्या-चमच्यानं पाजलं. दर्शनाच्या डोळ्यांत ओळख आली. आणि दिवेलागणीला तिच्या पोटात कळा सुरू झाल्या, आठवा महिना असून.

शालननं तिला उपकेंद्रात हलवलं. तिथं मुलगा झाला. हाताएवढा, पण जिवंत, आणि रडका. मेंढमाळात चार वर्षांनी तान्हं मूल रडलं.

उपकेंद्राच्या संगणकाच्या पडद्यावर तालुक्याचे डॉक्टर इनामदार आले. त्यांचं वागणं बरं होतं, थकलेला चांगला माणूस. त्यांनी बाळाला बघितलं, दर्शनाला बघितलं.

"दूध?"

"थेंब न्हाय, साहेब."

"येणार कुठून? तिच्या अंगात पाणी नाही. या उन्हात तिला रोज सात-आठ लिटर तरी पोटात जायला हवं. डब्याची पावडर दिलीत तरी कालवायला पाणी लागणारच. टँकरचं काय?"

"गुरुवारी म्हणत्यात." त्या दिवशी रविवार होता.

डॉक्टरांनी डोळे चोळले. "शालनबाई, एक करता येईल. तुमच्या फ्रिजमध्ये सुया आहेत ना? नवजात बाळाला द्यायची परवानगी मागच्या महिन्यात आली. बाळात ती दोन दिवसांत लागते. गुरुवारपर्यंत थोडक्या पाण्यावर तग धरेल. आणि तहानेचा भाग आधी बंद होतो. रडायचं तर उद्याच थांबेल."

पडदा मिटला. शालननं फ्रिज उघडला. सुई हातात घेतली. चारशे बारा वेळा घेतली होती, बोटांना सवय होती.

"द्या त्याला, आई," दर्शना खाटेवरून म्हणाली. तिनं सगळं ऐकलं होतं. "माझ्याच्यानं ऐकवत नाही त्याचं रडणं. निदान त्रास तरी होणार नाही त्याला."

"त्रास हुईल. त्याला कळणार न्हाय, एवढंच."

"पण जगेल ना?"

"जगंल का न्हाय, ते मला कसं कळायचं?" शालनचा आवाज चढला. "तू तोंडानं बोलू शकत हुतीस, तरी मला कळलं न्हाय. ह्येचं रडणं पण बंद केलं तर ह्यो मरायला लागल्यालं बी कळायचं न्हाय कुणाला. मला न्हाय, गावाला न्हाय, त्या टँकरवाल्यांना तर न्हायच न्हाय."

"मी त्याची आई आहे. मी सांगते, द्या."

"मी न्हाय द्यायची."

"मग काय करणार तुम्ही?" दर्शना ओरडली, म्हणजे ओरडायला गेली, आवाज निघाला नाही. "सांगा ना. पाणी कुठून आणणार?"

शालननं सुई परत ठेवली, तान्ह्याला उचललं आणि चमच्यातला शेवटचा गुळाचा थेंब सुनेच्या ओठांवर घातला. उजाडेपर्यंत ती येरझाऱ्या घालत राहिली. पोर रडत होतं. उपकेंद्राच्या पायऱ्यांवर एकेक माणूस येऊन बसत होतं. तहानेचं रडणं त्यांनी पुष्कळ वर्षांनी ऐकलं, आणि स्वतःला जे आठवत नव्हतं ते त्यांना त्या आवाजात ऐकू येत होतं.

फटफटलं तसे तातोबा म्हणाले, "माळावर काचंचं रान हाय की."

गावापासून तीन किलोमीटरवर सौरवीज प्रकल्प होता. तिथं पाणी होतं. नदीवरून खास पाइपलाइन आणली होती, काचांवरचा धुरळा रोज धुवायला. धुरळ्यानं वीज घटते, म्हणून काचा धुतल्याच पाहिजेत. त्यात काही चुकीचं नव्हतं. गावानं त्या पाण्याकडं कधी बघितलंसुद्धा नव्हतं. गरजच काय होती?

चौघांनी बाज उचलली. तिच्यावर दर्शना, वर लुगड्याची सावली. शालनच्या छातीशी पोर. मागं सगळं गाव. ऊन चढायच्या आत ते फाटकाशी पोचले.

फाटकावर भोयर नावाचा रखवालदार होता. विदर्भातला, बिनसुईचा, त्याच्या कमरेला पाण्याची बाटली लटकत होती. त्यानं पोर बघितलं, बाज बघितली आणि त्याचा चेहरा उतरला.

"बाई, मी काय करू? पाण्याला हात लावायचा हुकूम नाही मला."

"तुमच्या सायबाला फोन लावा."

फोन लागला. साहेब पुण्यात होते. त्यांनी समोर काहीतरी उघडून बघितलं असावं. "मेंढमाळ ना? त्या गावाला पाण्याची तातडी नाही असं दिसतंय. शंभर टक्के लसीकरण झालेलं गाव आहे. त्यांना म्हणावं, पाणीखात्याशी बोला."

शालननं फोन पोराच्या तोंडाशी धरला. पोर जीव तोडून रडत होतं.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"ही आमची तातडी," शालन म्हणाली.

साहेब म्हणाले, मला वरती विचारावं लागेल. बघू. तासाभरानं. तातोबा फाटकासमोरच्या डांबरावर बसले. त्यांच्यामागं सगळे बसले, बाया, माणसं, चारशे जण, त्रेचाळीस डिग्रीत. फाटकातून आत जायच्या गाड्या थांबल्या. बाहेर यायच्या थांबल्या.

"काका, उठा. ऊन लागेल," भोयर म्हणाला.

"आम्हाला न्हाय लागत," तातोबा म्हणाले. "आम्ही हितं आठ दिवस बसू शकतो. तहान लागत न्हाय, घाम येत न्हाय, तशी सोय सरकारनंच केलीया. आमची काय बी घाई न्हाय बाबा. घाई त्या पोराची हाय."

तास गेला. साहेबांचा फोन आला नाही. दर्शना बाजेवर डोळे मिटून पडली होती आणि तिचा हात गार लागत होता. पोराचं रडणं बारीक झालं, मग तुटक. भोयर एकदा पोराकडं बघायचा, एकदा हातातल्या फोनकडं. शेवटी त्यानं आपली बाटली फाटकाच्या गजांतून शालनच्या हातात दिली, आत गेला आणि काचा धुवायच्या यंत्राचा लांबलचक पाइप ओढत घेऊन आला.

पाणी आलं. स्वच्छ, क्षार काढलेलं, बेचव. शालननं पदराच्या गाठीतलं मीठ-गूळ त्यात घातलं आणि सुनेला पाजत राहिली. अर्धा तास, तास. दर्शना प्यायची, दम घ्यायची, परत प्यायची. तिच्या गालांवरून पाणी ओघळलं ते पाइपाचं की डोळ्यांचं, शालनला समजलं नाही. दुपार कलताना तिनं पोर आईच्या छातीला लावलं. बराच वेळ नुसतंच चुटूचुटू. मग एकदा पोराच्या घशात गिळल्याचा आवाज झाला. शालननं कान लावून ऐकला. पोर पिता पिता झोपलं.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. भोयरनं सगळं सांगितलं. साहेब भडकले नाहीत, उलट त्यांना हायसं वाटलं.

"झालं ते झालं. मूल शांत झालं ना? मग विषय संपला. पाइप बंद करा आणि लोकांना उठवा. टँकर गुरुवारी येतोच आहे. आवाज येत नाहीये ना आता?"

भोयरनं शालनकडं पाहिलं. त्याच्या हातात पाइपाचा कॉक होता. माणसं गुडघ्यांवर हात देऊन उठायला लागली होती. चालतंय, असं कुणीतरी मागं म्हणालंही.

गुरुवारला तीन दिवस होते. उद्या सकाळी दर्शनाला परत आठ लिटर लागणार होतं, परवा परत. आणि पोर इतकं गाढ झोपलं होतं, इतकं गोड, ओठाला दुधाचा थेंब लावून, की बघणाऱ्याला वाटावं ह्याला काही म्हणजे काही कमी नाही.

शालननं लुगड्याचं टोक बाजूला केलं. पोराचा बोटभर तळपाय हातात घेतला.

"आई, काय करताय?" दर्शना म्हणाली.

"माफ कर बाबा," शालन म्हणाली, सुनेला नव्हे, पोराला. आणि तिनं त्या तळपायाला जोरात टिचकी मारली.

पोर दचकून जागं झालं आणि किंचाळून रडायला लागलं. शालननं भोयरच्या हातातला फोन घेतला आणि पोराच्या तोंडाशी धरला. उठलेली माणसं पुन्हा खाली बसली.